हरलेल्या डावानंतरची पंधरा मिनिटे

एका पालकांनी विचारले आहे की, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत आणि वसाहतीत सगळ्यांना बुद्धिबळात हरवतो. तर त्याच्यात खरोखर प्रतिभा आहे की तो वयाच्या मानाने नुसताच चलाख आहे, हे कसे ओळखावे. त्याच पत्रात, तीस वर्षे मुलांना हा खेळ शिकवताना माणसाच्या स्वभावाबद्दल माझे काय मत झाले, असेही त्यांनी विचारले आहे. त्यांना हे दोन प्रश्न वाटतात. मला तो एकच वाटतो, कारण मुलाची प्रतिभा तपासायला बसले की आधी त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांचा स्वभाव नजरेस पडतो आणि मूल त्यामागे कुठेतरी झाकलेले असते.

सुरुवात खेळाच्या नावापासूनच करावी लागेल. संस्कृतात या खेळाला चतुरंग म्हणत, म्हणजे चार अंगांचे सैन्य. तोच शब्द फारसीतून फिरून हिंदीत शतरंज झाला. मराठीने मात्र त्याला बुद्धिबळ म्हटले आणि घोळ तिथेच झाला. ज्या घरात मुलगा कॅरममध्ये हरला तर कोणी विचारत नाही, त्याच घरात तो बुद्धिबळात हरला की आईच्या चेहऱ्यावर अशी काळजी दिसते, जणू त्याच्या बुद्धीचा अहवाल प्रयोगशाळेतून प्रतिकूल आला आहे. या खेळाचे नाव ‘लाकडी सैन्य’ असते, तर नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या खोलीत येणारे निम्मे विद्यार्थी आलेच नसते, आणि जे आले असते ते कदाचित जास्त आनंदाने खेळले असते.

वास्तविक बुद्धिबळातले कौशल्य आणि सर्वसाधारण हुशारी यांचे नाते पालकांना वाटते तितके जवळचे नाही. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रूट यांच्या आधीच्या कामाचा धागा पकडून विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली स्थिती केवळ ५ सेकंद दाखवून ती आठवणीतून पुन्हा मांडायला सांगितली, तेव्हा कसलेल्या खेळाडूने बहुतेक मोहरे जागेवर ठेवले आणि नवशिक्याला जेमतेम काही ठेवता आले. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तेव्हा कसलेला खेळाडू जवळजवळ नवशिक्याच्या पातळीवर घसरला. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. ओळखीच्या रचनांचा साठा अफाट होता. इतवारीतला जुना किराणा व्यापारी कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी आहे हे वही न उघडता सांगतो, पण स्वतःची मुलगी कोणत्या तुकडीत आहे हे त्याला बायकोला विचारावे लागते. त्याला कोणी प्रतिभावंत म्हणत नाही, कारण त्याच्या व्यवसायाच्या नावात बुद्धी हा शब्द नाही.

प्रतिभा उपजत की कमावलेली, या वादावर मी फार वेळ घालवत नाही. हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी प्रतिभा घडवता येते असे ठामपणे मानून आपल्या तिन्ही मुलींना घरीच शिकवले. धाकटी युदित १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, म्हणजे या खेळातल्या सर्वोच्च किताबाची मानकरी, झाली आणि तोवरच्या सगळ्या मुलामुलींत ती सर्वांत लहान ठरली. कमावलेल्या गुणाचा पक्ष घेणारे हे उदाहरण आनंदाने देतात. दुसरा पक्ष तितक्याच आनंदाने सांगतो की, घर तेच, वडील तेच आणि शिकवणीही तीच असूनही तिघी बहिणी तीन वेगवेगळ्या उंचीवर पोहोचल्या. एकाच घराने दोन्ही पक्षांना पुरेल इतका पुरावा दिल्यानंतर त्या वादात तिसऱ्याने पडू नये. आपल्याकडे ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ अशी म्हण आहे. माझा अनुभव असा की, पाळण्यात जे दिसते ते बहुधा पाळणा हलवणाऱ्याचे हात असतात.

आता माणसाच्या स्वभावाकडे वळतो, कारण खरा माल तिथे आहे.

बुद्धिबळात फासे नाहीत, पत्ते पिसले जात नाहीत, झेल सोडणारा सहकारी नाही आणि फिरकीला साथ देणारी खेळपट्टीही नाही. पांढऱ्याची पहिली चाल सोडली तर दोघांचे सैन्य सारखे, पट समोर उघडा, लपवलेले काहीच नाही. त्यामुळे हरल्यावर दोष देण्यासाठी एकच माणूस शिल्लक राहतो, आणि नेमक्या त्याच माणसाला दोष देणे मनुष्यस्वभावात बसत नाही. मग जी प्रतिभा उफाळून येते तिची नोंद कोणत्याही क्रमवारीत होत नाही. नागपुरात मे महिन्यात स्पर्धा असेल तर पहिला आरोपी कूलर असतो. तो चालू असेल तर त्याचा आवाज आणि बंद असेल तर त्याचा अभाव. त्यानंतर समोरच्याचा हलणारा पाय, न चालणारे पेन, खिडकीतून पटावर येणारे ऊन, दाराजवळचे टेबल, सकाळी खाल्लेले तर्री पोहे आणि सकाळी न खाल्लेले तर्री पोहे. एका मुलाने मला अगदी गंभीरपणे सांगितले होते की, प्रतिस्पर्धी फार वाईट खेळत होता आणि त्यामुळे त्याच्या चाली ओळखता येत नव्हत्या. मी त्याला विचारले की वाईट खेळणाऱ्याने त्याला हरवले, याचा अर्थ काय घ्यायचा. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “सर, चांगला असता तर मी जिंकलो असतो.”

पण सगळ्यांत लोकप्रिय वाक्य वेगळेच आहे. मुलाला हाताशी धरून वडील येतात आणि म्हणतात, “सर, हा तर मस्त खेळून राहिला होता, जिंकलेला डाव हरला हो!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, एकदा मी साधा हिशेब मांडून पाहिला. जगात जिंकलेले डाव हरणारे इतके लोक असतील, तर हरलेले डाव जिंकणारेही नेमके तेवढेच असायला हवेत. पण मला ते अजून भेटायचे आहेत. जिंकून बाहेर आलेला प्रत्येक जण मला हेच सांगतो की, त्याला विसाव्या चालीलाच सगळे दिसले होते.

मानांकनाच्या, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात सांगणाऱ्या रेटिंगच्या, बाबतीतही हाच प्रकार. आज जगभर ज्या पद्धतीने रेटिंग काढले जाते ती आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मांडली आणि जागतिक महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. तिचे गणित सरळ आहे: दोघांत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूने १०० डावांतून साधारण ७६ गुण मिळवणे अपेक्षित असते. म्हणजे खालच्यालाही चोवीसच्या आसपास मिळतातच, आणि माणूस आयुष्यभर सांगत राहतो ते त्या चोविसांतलेच किस्से. प्रत्येक विद्यार्थ्याचे, आणि त्याहून जास्त प्रत्येक पालकाचे, ठाम मत असते की मुलाची खरी ताकद रेटिंगपेक्षा निदान दोनशेने जास्त आहे. मी त्यांना समजावून सांगतो की हे गणित फक्त दोघांतला फरक मोजते. सगळ्यांचेच रेटिंग दोनशेने कमी लागले असेल, तर कोणाचेच कमी लागलेले नाही. हे विधान आजवर एकाही पालकाला पटलेले नाही, मात्र इतर पालकांना ते लागू पडते याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे.

तुम्ही विचारलेल्या प्रतिभेची खूण मला याच गोंधळात सापडते. डाव संपल्यावरच्या पंधरा मिनिटांत मूल काय करते, एवढेच मी पाहतो. स्पर्धेत जिंकणारी मुले पुष्कळ असतात; शाळेच्या पातळीवर जिंकायला कधी कधी फक्त वयाने सहा महिने मोठे असणेही पुरते. पण हरल्यावर, डोळ्यांतले पाणी अजून सुकले नसताना, समोरच्याला “इथे मी उंट खेळलो असतो तर तू काय केलं असतंस?” असे विचारणारे मूल वर्षाकाठी एखादे दिसते. ते मूल स्वतःच्या चुकीकडे असे पाहते, जणू ती दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि तिच्यात काहीतरी मजेदार दडलेले आहे. ही गोष्ट शिकवता येते का, हे मला नक्की सांगता येणार नाही. ती मोडता येते, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मोडण्याची जागा सभागृहाच्या दारात असते. मूल बाहेर येते, आधी वडिलांचा चेहरा वाचते आणि मगच ठरवते की आपण किती हरलो. मी अनेक वडिलांना सुचवले आहे की, फेरी संपण्याच्या वेळी त्यांनी चहाला जावे. ते जातात आणि चहाचा ग्लास हातात घेऊन पुन्हा दारातच उभे राहतात.

दुसरी जागा घरात असते आणि तिथे वापरले जाणारे हत्यार फार प्रेमळ आहे: ‘हुशार’ हा शब्द. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांची हुशारीसाठी आणि काहींची मेहनतीसाठी स्तुती केली गेली. हुशार म्हटलेली मुले पुढच्या खेपेला सोपे काम निवडण्याकडे जास्त झुकली आणि आपले गुण इतरांना सांगताना जास्त वेळा वाढवून सांगू लागली. या परिणामाचे मोजमाप किती मोठे धरावे यावर संशोधकांत पुढे मतभेद झाले, आणि ते असू द्यावेत. माझ्या खोलीत मात्र ज्याला घरी चारचौघांत हुशार म्हटले जाते तो मुलगा आपल्यापेक्षा लहान मुलासमोर बसायचे टाळतो, हे मी कोणत्याही प्रयोगाविना सांगू शकतो. तो पोट दुखत असल्याचे सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरोखर दुखत असते. गमवायला नाव असलेल्या माणसाचे पोट कोणत्याही वयात दुखते. मोठ्यांत त्याला कामाचा व्याप म्हणतात.

इतरांचे दोष सांगून झाले. आता माझा एक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच वेळी एक मुलगा आणि एक मुलगी शिकत होती. मुलगा विजेसारखा खेळायचा, घड्याळावर हात आपटण्याची त्याची ढबही अशी होती की बाकीची मुले आपला पट सोडून त्याच्याभोवती जमत, आणि खरे सांगायचे तर मीही जमत असे. मुलगी प्रत्येक चालीला इतका वेळ घ्यायची की, तिच्याशी खेळणाऱ्या मुलांची बाहेर जाऊन पाणी पिऊन परत यायची सोय झाली होती. तिच्या आईने विचारले तेव्हा मी शहाणपणाच्या सुरात उत्तर दिले की, आवडते आहे तोवर येऊ द्या. ती एका दोनशे पानी वहीत फक्त हरलेले डाव उतरवायची आणि जिथे चुकले तिथे लाल पेनाने एकच ओळ लिहायची, हे मला कळायला तीन वर्षे लागली. कळले तेही ती त्या मुलाला सलग हरवू लागली म्हणून. मी वेगाला प्रतिभा समजलो होतो; खेळ शिकवणाऱ्याने करावी अशी ही चूक नाही, पण खेळ शिकवणाराही बघ्यांच्या गर्दीतलाच एक असतो. मुलगा तेराव्या वर्षी, स्वतःपेक्षा दोन वर्षांनी लहान मुलाकडून हरल्यावर, पुन्हा आला नाही. तो आज एका मोठ्या कंपनीत उत्तम पगारावर आहे, त्यामुळे त्याचे फार वाईट झाले असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. मुलगी दहावीला गेली, प्रवेश परीक्षांच्या शिकवण्या लागल्या आणि तिचे रेटिंग त्या उन्हाळ्यात जिथे होते तिथेच गोठले. तिच्या भावाचे क्रिकेट बारावीपर्यंत सुरू होते, हेही नोंदवून ठेवतो.

मुलींच्या बाबतीत समाजाची विनोदबुद्धी नेहमीच दांडगी राहिली आहे. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर या मुंबईच्या मुलीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यावरून एवढे वादळ उठले की प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा द्यावा लागला. आठव्या इयत्तेच्या वयातल्या मुलीसमोर बसण्यापासून संरक्षण हवे असलेल्या प्रौढ पुरुषांइतका स्त्रियांच्या खेळाचा गौरव क्वचितच कोणी केला असेल.

आता नागपूरचा विषय टाळता येणार नाही. इथल्याच बुद्धिबळपटू दिव्या देशमुखशी माझा कसलाही संबंध नाही, मी तिला कधी शिकवलेले नाही आणि ती आमच्या गल्लीतही राहत नव्हती. हे आधीच स्पष्ट करतो, कारण असे सांगणारा माणूस २०२५ नंतर या शहरात दुर्मीळ झाला आहे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी येथे तिने महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत भारताच्याच कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जलद डावांत, हरवले आणि त्या विजयासरशी ती थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी. हम्पीला हा किताब २००२ मध्ये मिळाला होता, म्हणजे दिव्याच्या जन्माच्याही तीन वर्षे आधी. गंमत अशी की, एरवी या किताबासाठी जे नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी केल्याचे दाखले, जमवत खेळाडू देशोदेशी हिंडतात, त्यांतला एकही दिव्याकडे तोवर नव्हता. म्हणजे २७ जुलैच्या रात्री ती कागदोपत्री ग्रँडमास्टर नव्हती आणि दुसऱ्या दिवशी होती. त्या एका रात्रीत तिच्या खेळात काय फरक पडला असेल? आमच्या बोलण्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला. २०२४ मध्ये ती मुलींची जागतिक ज्युनियर विजेती झाली होती आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, तिने संघाचे आणि वैयक्तिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली होती. त्याआधी याच शहरातला रौनक साधवानी २०१९ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, ग्रँडमास्टर झाला आणि २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला. तेव्हा माझा फोन शांत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो इतका वाजला की मला दुपारची झोप सोडावी लागली, आणि फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न ‘किती दिवसांत होते?’ असा होता.

मी याला नुसता ढोंगीपणा म्हणणार नाही. ज्याला खेळ कळत नाही त्याने प्रतिभा ओळखायची तरी कशी? त्याला निकालच वाचता येतो, जसे मला गाण्यातले फक्त टाळ्यांवरून कळते. तक्रार आहे ती वेळेबद्दल. मुलाला स्लीपरच्या तिकिटाने भुवनेश्वरला किंवा चेन्नईला घेऊन जाणाऱ्या आईला, दोन रात्रींचे भाडे आणि प्रवेश शुल्क भरताना ज्या नातेवाइकांकडून ‘अभ्यासाकडे बघा जरा’ एवढेच मिळालेले असते, तेच नातेवाईक सत्काराच्या दिवशी पहिल्या रांगेत असतात. आणि त्यांना खरोखरच आठवते की, त्यांनी अगदी सुरुवातीपासून प्रोत्साहन दिले होते. शाल आणि श्रीफळ या दोन्ही वस्तू अशा आहेत की, ज्याला त्यांची गरज उरलेली नाही त्यालाच त्या मिळतात.

‘पिकतं तिथं विकत नाही’ हा नियम तर मी स्वतःवर रोज अनुभवतो. यवतमाळला शिबिराला बोलावतात तेव्हा मी नागपूरचे मोठे सर असतो, स्टेशनवर माणूस घ्यायला येतो. नागपुरात पालक मला विचारतात की, चेन्नईचे कोणी ऑनलाइन शिकवणारे माहीत आहेत का. बुटीबोरी ओलांडली की माझी योग्यता वाढते आणि परतीच्या बसमध्ये ती त्याच ठिकाणी उतरते. चेन्नईतल्या शिक्षकांचेही काहीतरी असेच चालत असावे, अशी मी आशा करतो.

तर तुमच्या मुलाबद्दल. शाळेत तो सगळ्यांना हरवतो यावरून मला त्या शाळेबद्दल थोडे कळले, त्याच्याबद्दल फारसे नाही. त्याला दर आठवड्याला तीनदा तरी हरवणारा कोणीतरी शोधा. तो वयाने लहान असेल तर फारच उत्तम. डाव संपल्यावर तुम्ही काहीही बोलू नका, ‘कसं झालं?’ हेसुद्धा विचारू नका, कारण त्या दोन शब्दांत काय काय भरलेले असते ते मूल बरोबर ओळखते. तो स्वतःहून पटाकडे परत जातो का, एवढे महिनाभर पाहा. गेला, तर रविवारी सकाळी त्याला घेऊन या. चषक आणि प्रमाणपत्रे घरीच राहू द्या, हरलेल्या डावांची वही आणा. आणि तशी वही नसेल, तर येताना एक कोरी वही आणि एक लाल पेन आणा. खोलीसमोरच्या कोपऱ्यावर पोहे चांगले मिळतात. साधारण दीड तास लागेल. तेवढा वेळ तुम्ही तिथेच थांबावे आणि दारात येऊन उभे राहू नये.